रात्री दोनचा ताप: घरी काय करायचं, कधी निघायचं

"सिस्टर, एकशे तीन होता. औषध देऊन तास झाला, अजून एकशे एक दाखवतंय. उतरतच नाही बघा."

मुलांच्या दवाखान्यात रात्रपाळी करताना असे फोन मी किती घेतले, त्याची गणती नाही. माझे प्रश्न ठरलेले असायचे. बाळाचं वय काय? वजन किती? औषध कोणतं, किती एमएल दिलं? आणि आत्ता, या क्षणी, ते काय करतंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच यायचं. दुसऱ्याला थोडी शांतता. तिसऱ्याला "ते गुलाबी औषध, एक झाकण." आणि चौथ्याला पुष्कळदा असं उत्तर यायचं, "आत्ता ना? बाबांच्या मांडीवर बसून बिस्कीट खातोय."

एकशे तीनवरून एकशे एकवर आलेला ताप म्हणजे औषध लागू पडलेलं असतं. तापाचं औषध दोन-तीन अंश खाली आणतं. ते ९८.६ वर नेऊन ठेवेल ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि मांडीवर बसून बिस्कीट खाणारं मूल त्या रात्री घरीच राहू शकतं. हे फोनवर दोन मिनिटांत सांगता यायचं, पण त्याआधीच्या तासाभरात त्या आईने जे सोसलेलं असायचं ते टाळता आलं असतं. रात्री दोन वाजता जे ठरवावं लागतं, त्यातलं बरंचसं दुपारी, मूल ठणठणीत असताना ठरवून ठेवता येतं. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करते.

मूल बरं असतानाची तयारी

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर मुलाचं वजन आणि ते कधी केलं ती तारीख लिहा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं वजन दर महिना-दोन महिन्यांनी लिहा, मोठ्याचं तीन-चार महिन्यांनी. लसीकरणाला गेलात की वजन होतंच, ते घरी येऊन कागदावर उतरवायचं. त्याखाली घरात असलेल्या पॅरासिटामॉलच्या बाटलीवरचा आकडा आणि आपल्या मुलाला त्यातलं किती एमएल लागतं ते लिहा. हिशेब पुढे देते. मग डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणारं जवळचं मुलांचं रुग्णालय, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. खेड्यात राहत असाल तर रात्री कुणाची गाडी मिळू शकेल, तेही आधी विचारून ठेवा.

घरात लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत. डिजिटल थर्मामीटर (आणि त्याचा जास्तीचा सेल), पॅरासिटामॉलची एकाच प्रकारची एक बाटली, एमएलच्या खुणा असलेली औषधाची पिचकारी किंवा मापाचं झाकण, ओआरएसची दोन पाकिटं. पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल तर तो वापरातून काढा. तो फुटला की काच आणि पारा दोन्ही मुलाच्या हाताशी येतात.

सगळ्यात आधी वय

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर या लेखातलं बाकी काही लागू होत नाही. काखेत ९९.५ किंवा त्याहून जास्त दिसलं, तर औषध न देता, सकाळची वाट न बघता बाळाला दवाखान्यात न्या. इतक्या लहान बाळाला मोठा जंतुसंसर्ग झाला तरी बाहेरून फारसं दिसत नाही. ते रडत नाही, नुसतं दूध ओढायचं कमी करतं, जास्त झोपतं. या वयात अंग गार पडणं हेही तापाइतकंच गंभीर असतं. "कालच इंजेक्शन दिलंय, त्याचा असेल" असं वाटलं तरी निदान डॉक्टरांना फोन केल्याशिवाय राहू नका.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या पुढे ताप गेला तर त्याच दिवशी दाखवा. त्यापुढच्या वयात मात्र आकड्यापेक्षा मूल कसं आहे हे महत्त्वाचं ठरतं.

ताप मोजणं

कपाळाला हात लावून ताप आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही. भांडी घासून आलेल्या आईच्या गार हाताला मुलाचं कपाळ नेहमीच तापलेलं लागतं.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा ताप काखेत घ्या. काख आधी कोरडी पुसा. थर्मामीटरचं टोक काखेच्या खोल खळग्यात, कातडीला लागून, मध्ये कपडा न येता बसवा. हात छातीशी धरून ठेवा आणि बीप होईपर्यंत सोडू नका. बाळ नुकतंच अंघोळ करून आलं असेल, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असेल किंवा रडून लाल झालं असेल तर वीस-तीस मिनिटं थांबून मोजा. कपाळासमोर धरायची बंदूक अंदाजापुरती ठीक आहे. तिच्यावर औषधाचा निर्णय घेऊ नका, काखेत पुन्हा मोजा.

काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी असतो. म्हणून वर "एक अंश मिळवायचा का?" असा प्रश्न सगळे विचारतात. मिळवू नका. जो दिसला तो आकडा, वेळ आणि "काखेत" एवढं लिहा, बाकी डॉक्टर समजून घेतात. मोठ्या मुलात ९९-९९.५ पर्यंत धावपळीचं काही नाही. संध्याकाळी शरीराचं तापमान तसंही थोडं वाढतं. १००.४ आणि पुढे म्हणजे ताप धरा.

दात येताना बाळ किरकिरतं, लाळ गाळतं, कधी अंग किंचित कोमट लागतं. पण १०१-१०२ चा ताप दातांनी येत नाही. "दात येतायत" म्हणून तीन दिवस अंगावर काढलेल्या तापात लघवीचा संसर्ग निघाल्याचं मी पाहिलं आहे, विशेषतः लहान मुलींमध्ये.

औषध द्यायचं का, आणि किती

ताप हा शरीराने जंतूंविरुद्ध स्वतःहून चढवलेला असतो. संसर्गाने आलेला ताप मेंदू बिघडवत नाही. त्यासाठी तापमान १०७ च्या पुढे जावं लागतं, आणि साध्या संसर्गात शरीर स्वतःच तिथवर जाऊ देत नाही. "ताप डोक्यात गेला" असं ज्याला म्हणतात, त्यात मेंदूला मुळात मेंदूज्वरासारखा आजार झालेला असतो आणि ताप हे त्याचं लक्षण असतं.

म्हणून औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं यासाठी. १०१ ताप आहे पण मूल खेळतंय, पाणी पितंय, तर औषध न देता बघत राहिलात तरी चालतं. १००.५ च आहे पण अंग दुखतंय, रडतंय, काही घेत नाही, तर द्या. झोपलेल्या मुलाला फक्त औषधासाठी उठवू नका, झोपेचाही त्याला उपयोग होतो.

घरी द्यायचं औषध एकच, पॅरासिटामॉल. एका वेळची मात्रा किलोला १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये निदान चार तास, शक्यतो सहा तास. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. वयावरून नाही, वजनावरून. दोन वर्षांची दोन मुलं नऊ किलोची आणि चौदा किलोची असू शकतात.

खरी गडबड बाटलीमुळे होते, म्हणून इथे थोडं थांबते. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं पातळ औषध निदान तीन ताकदींत मिळतं आणि खोकी एकमेकांसारखी दिसतात.

ड्रॉप्स: १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम. वजन गुणिले ०.१५ म्हणजे एमएल.
साधं सिरप: ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. वजन गुणिले ०.६.
जास्त ताकदीचं सिरप: ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम. वजन गुणिले ०.३.

दहा किलोच्या मुलाला लागतात १५० मिलिग्रॅम. ड्रॉप्सचे दीड एमएल, साध्या सिरपचे सहा एमएल, जास्त ताकदीच्या सिरपचे तीन एमएल. औषध तेच, मूल तेच, आणि माप चौपटीपर्यंत बदललं. पंधरा किलोच्या मुलाला ड्रॉप्स सव्वादोन एमएल, साधं सिरप नऊ, जास्त ताकदीचं साडेचार. आपल्या बाटलीवरचा आकडा वाचा, गुणाकार करा, येणारं उत्तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून पक्कं करा आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहा. नवी बाटली आणली की पुन्हा वाचा. दुकानदाराने "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दिलेली बाटली दुप्पट ताकदीची असू शकते.

एक आजी मला अजून आठवतात. आठ किलोचं नातवंड, आई कामावर, ताप चढलेला. आजींनी बाळाला ड्रॉप्सच्या बाटलीतून चमचाभर औषध पाजलं, कारण मोठ्या नातवाला त्या चमचाभरच देत आल्या होत्या. पाच एमएल ड्रॉप्स म्हणजे पाचशे मिलिग्रॅम. बाळाचा दिवसभराचा कोटा एका घोटात. एकदाच दिलं होतं, वेळेत कळलं, बाळाला काही झालं नाही. पण दवाखान्याच्या बाकावर बसून त्या माउलीने स्वतःला जी दूषणं दिली ती ऐकवत नव्हती. त्यांना वाचता येत होतं. बाटलीवरचा आकडा वाचायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वेळा होतं. बाळ सहा महिन्यांचं असताना लिहून दिलेले "एक एमएल" दोन वर्षांचं झालं तरी चालू असतात, वर ड्रॉप्सची जागा साध्या सिरपने घेतलेली असते. मग ताप उतरत नाही म्हणून आणखी कडक औषधाची मागणी होते.

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, प्रत्येक घरातला वेगळा असतो. पिचकारी गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं धरून पाजू नका. औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं उलटून पडलं तर तीच मात्रा एकदा पुन्हा देता येते. अर्धा तास उलटला असेल तर पुढच्या वेळेची वाट बघा. गुदमार्गात ठेवायची सपोझिटरी हेही तेच औषध असतं. ती दिली असेल तर तोंडाने वेगळं द्यायचं नाही, तिचीही वेळ लिहायची. सर्दीच्या पुष्कळ औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. सर्दीचं एक आणि तापाचं एक असं देताना नकळत दुप्पट होतं.

बाकीची औषधं घरात असली तरी

आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिड ही ताप भराभर उतरवणारी औषधं म्हणून लोकांच्या आवडीची आहेत. डॉक्टरांनी या तापासाठी, या वेळी लिहून दिली असतील तरच द्या. मागच्या तापातली उरलेली बाटली काढू नका. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या मुलाच्या मूत्रपिंडांना ती इजा करू शकतात, आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पावसाळ्यात पहिल्या दिवशी हा ताप डेंग्यूचा नाही असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. दोन औषधं आलटून पालटून देण्याचा सल्ला शेजारून येईल. तोही डॉक्टरांवर सोडा. रात्री झोपेत वेळा चुकतात.

निमेसुलाइड बारा वर्षांच्या आतल्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. अॅस्पिरिन मुलांना तापात द्यायचं नाही, त्याने यकृत आणि मेंदूला सूज येणारा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

आणि खोकल्याची औषधं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साध्या सर्दी-तापाला दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आत खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आत ती सहसा लागत नाहीत. लहान मुलाचा सर्दीचा खोकला कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि आठवडाभराचा वेळ एवढ्यावर जातो. वर्षाच्या पुढच्या मुलाला अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध बोटावरही नको.

पट्ट्या, गोधडी, पंखा

थंडी वाजत असताना मूल कुडकुडतं तेव्हा पातळ चादर पांघरा. हुडहुडी थांबली की काढा. "घाम येऊ दे, ताप निघेल" म्हणून स्वेटर, टोपी आणि वर गोधडी घालू नका. त्याने आतली उष्णता आतच कोंडते. सुती, सैल कपडे घाला, खिडकी उघडी ठेवा, पंखा हळू चालू द्या. पंख्याने ताप वाढत नाही.

मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आपण सगळ्यांनी कपाळावर घेतल्या आहेत. मीठ घातल्याने फरक पडत नाही, आणि एवढ्याशा कपाळावरची पट्टी तापही फारसा उतरवत नाही, पण आईचा हात कपाळावर असतो म्हणून मुलाला बरं वाटतं. तेवढ्यासाठी जरूर ठेवा. ताप १०३-१०४ आहे आणि औषध देऊन अर्धा तास झाला, तर कोमट पाण्यात पंचा भिजवून मान, काख, जांघ, पाठ पुसून काढा. पाणी कोमटच हवं. बर्फाच्या पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडायला लागतं आणि आतला ताप वाढतो. मूल रडायला किंवा कापायला लागलं तर थांबा. युडीकोलन किंवा स्पिरिट अंगावर चोळू नका. त्यातला अल्कोहोल लहान मुलाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातो.

खाणंपिणं

दोन दिवस मूल जेवलं नाही तरी चालतं. पाणी प्यायलंच पाहिजे. अंगावर पिणाऱ्या बाळाला एरवीपेक्षा जास्त वेळा घ्या. मोठ्यांना पेज, मऊ मेतकूट भात, वरणाचं पाणी, नारळपाणी, शहाळ्यातली मलई, जे आवडेल ते, थोडं थोडं आणि सारखं द्या. तापात ताक, केळं, भात बंद करायची पद्धत आहे, पण त्याला आधार नाही. मुलाला हवं असेल तर घरचं ताजं ताक द्या.

उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस द्या. एका लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळा. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा. खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. साखर जास्त असल्याने त्यांनी जुलाब वाढतात.

लघवीवर लक्ष ठेवा. सहा ते आठ तासांत लघवी झालीच नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर पाणी कमी पडलं आहे. दवाखाना गाठा.

वही

एका वहीत किंवा मोबाइलमध्ये चार गोष्टी लिहा: वेळ, ताप, औषध किती एमएल, आणि मूल कसं होतं. "११.४०, १०३.२, ३ एमएल, मलूल. १२.५०, १००.८, उठून पाणी मागितलं, हसला." ताप उतरल्यावर मूल कसं वागतं, ही त्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद. १०४ तापात कुणीही निपचित पडतं. पण ताप शंभरवर आल्यावरही जे मूल नजरेला नजर देत नाही, उचलल्यावर मान टाकतं, त्याला लगेच हलवा, भले थर्मामीटर ९९ दाखवो.

घरात आई, बाबा, आजी, पाळणाघर असे चार हात असतील तर वहीशिवाय दोन जण एकाच वेळचं औषध देऊन मोकळे होतात.

केव्हा निघायचं

पुढचं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. पाणी किंवा दूध अजिबात घेत नाही. घेतलेलं सगळं उलटतं. उठवूनही नीट उठत नाही, बरळतं, ओळखत नाही. आकडी आली. मान ताठ, उजेड सहन होत नाही, बाळाची टाळू फुगली. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले आणि काचेचा ग्लास दाबून बघितलं तरी विरत नाहीत. हातपाय गार, ओठ निळसर किंवा राखाडी. सतत, न थांबणारं रडणं.

श्वास स्वतंत्रपणे सांगते, कारण तो घरी मोजता येतो. मूल शांत असताना, ताप जरा उतरल्यावर, पोटाचा भाता पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चालला आहे, न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हण्याचा आवाज येत असेल तर मोजत बसू नका.

यातलं काही नसेल, मूल पितंय-खेळतंय, तरी तिसऱ्या दिवशी ताप टिकून असला तर दाखवाच. पाच दिवस ताप राहिला, डोळे-ओठ लाल झाले, तर पुन्हा दाखवा, आधी दाखवलं असलं तरी.

आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात दोन ते पाच मुलांना तापात कधीतरी आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय झटकतात, तोंडाला फेस येतो. घरातल्यांना मूल गेलं असंच वाटतं. साधी तापाची आकडी बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि त्याने बुद्धीवर परिणाम होत नाही.

घड्याळ बघा, वेळ लक्षात ठेवा. मुलाला जमिनीवर कुशीवर झोपवा, गळ्याचं बटण सोडा, लाळ-उलटी बाहेर वाहू द्या, आजूबाजूचं टोकदार सामान सारा. दातांत चमचा किंवा बोट घालू नका, दात तुटतात, श्वास अडकतो. पाणी पाजू नका, तोंडात औषध टाकू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल काहीही हुंगवण्यात वेळ घालवू नका. जमलं तर दुसऱ्या कुणाला मोबाइलवर तीस सेकंदांचं चित्रण करायला सांगा, डॉक्टरांना त्यातून खूप कळतं.

पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, एकाच बाजूचे हातपाय हलत होते, चोवीस तासांत दुसऱ्यांदा आली, किंवा थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नाही, तर १०८ किंवा मिळेल ती गाडी. आयुष्यातली पहिली आकडी असेल तर थांबली तरी तेव्हाच दाखवायचं. पुन्हा येण्याची शक्यता साधारण तीनात एक असते, म्हणून डॉक्टर कधीकधी आकडी थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून देतात. त्याची मात्रा आणि मारायची पद्धत तिथेच समजून घ्या. तापाचं औषध आधीपासून भरपूर दिल्याने आकडी टळते, असं मात्र नाही.

आपल्याकडचे ऋतू

पावसाळा आणि त्यानंतरच्या दिवसांत डेंग्यूचा विचार मनात ठेवा. डेंग्यूत घात होतो तो ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे. आईबाप निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, हिरड्या-नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा विचित्र अस्वस्थपणा सुरू होतो. ताप गेला म्हणून त्या दोन दिवसांत नजर हलवू नका. सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे जातं, पण मूल किती पितंय आणि लघवी होतेय का, हे तितकंच महत्त्वाचं आहे.

थंडी वाजून येणारा ताप, विशेषतः गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात किंवा तिकडून प्रवास करून आल्यावर, मलेरियासाठी रक्त तपासल्याशिवाय सोडू नका. आशाताईंकडे तपासणीचा किट असतो. विदर्भात पाऊस ओसरताना स्क्रब टायफसही दिसतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो आणि चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ताप चार-पाच दिवस हटत नसेल तर मुलाची काख, जांघ, कानामागची जागा, कमरेची करगोटी बांधतो ती रेषा नीट बघा. खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा, निदान झटकन होतं आणि औषध स्वस्त आहे.

चांदीपुरा विषाणूचं नाव नागपूरजवळच्या एका गावावरून पडलं. १९६५ मध्ये तो तिथे पहिल्यांदा सापडला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या सँडफ्लाय माशीमुळे तो पसरतो. सकाळी ताप, दुपारी आकडी, संध्याकाळी बेशुद्ध, इतका तो वेगवान असू शकतो. क्वचित होतो, पण खेड्यात अचानक चढलेल्या तापासोबत आकडी किंवा ग्लानी असेल तर "बघू सकाळी" म्हणू नये ते यासाठी.

एप्रिल-मेमध्ये विदर्भात, खानदेशात उन्हात खेळून किंवा बंद गाडीत राहून अंग भट्टीसारखं तापलं आणि मूल बरळायला लागलं, तर तो उष्माघात आहे. त्यात पॅरासिटामॉल काही करत नाही. सावलीत आणा, कपडे काढा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, १०८ ला फोन करा. इथे गार पाणी चालतं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तपासण्या आणि अँटिबायोटिक

मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि तीन-चार दिवसांत जातात. त्यांत अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. पहिल्याच दिवशी रक्त तपासून पुष्कळदा हाती काही लागत नाही. टायफॉइडची विडाल तपासणी पहिल्या आठवड्यात भरवशाची नसते, त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, उपयोगी पडतं. म्हणूनच मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली घरच्या घरी सुरू केली की डॉक्टरांच्या हातातला पुरावा जातो. पाणी घालून तयार केलेली ती बाटली तशीही आठवड्याभरात निकामी होते, टाकून द्या. डॉक्टरांनी "आत्ता काही लागत नाही, दोन दिवसांनी या" म्हटलं तर ते टाळत नाहीत. दोन दिवसांनी नक्की जा, वही घेऊन.

लशीनंतरचा ताप याहून सोपा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींनंतर त्याच दिवशी ताप येऊन दोन दिवसांत जातो, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांना फोन कराच. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर मात्र तो आठवड्याभराने येऊ शकतो, हे माहीत नसल्याने लोक गोंधळतात. लस टोचायच्या आधीच तापाचं औषध देऊन ठेवू नका.

शाळेत परत

औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, मूल नेहमीसारखं खातंय, तर शाळेत किंवा पाळणाघरात पाठवा. सकाळी औषध पाजून पाठवलं तर दुपारी ते तिथे तापतं आणि बाकीच्या मुलांनाही लागण होते. मधे दोन-तीन दिवस पूर्ण बरं जाऊन ताप पुन्हा चढला, तर जुनाच समजून जुनं औषध चालू करू नका. सर्दीनंतर कानात किंवा छातीत नवा संसर्ग झालेला असू शकतो. मूल कान ओढतंय का बघा, श्वास मोजा आणि त्याच दिवशी दाखवा.